युंकर्स एफ 13 चे पंख, पन्हळी आणि रंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

युंकर्स एफ 13 या प्रवासी विमानाच्या 1/72 प्रमाणातल्या रेझिन (साच्यात ओतून घट्ट होणारे द्रव्य) प्रतिकृतीवरचा माझा लेख आपण मन लावून वाचलात, छायाचित्रे मोठी करून पाहिलीत आणि चुका नेमक्या जागेसह दाखवल्यात, याबद्दल आधी मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : पंख प्रमाणाबाहेर लांब आहेत, पितळी सळई घालण्यासाठी पंखांना आणि धडाला भोके पाडण्याची काहीच गरज नव्हती, पुढच्या कडेवरची पन्हळ (पत्र्यावरचे उंच वरंबे आणि त्यांमधल्या सऱ्या) मी घासून टाकली आणि मग ती परत आणण्यात तीन आठवडे घालवले, त्यापेक्षा तिथे पुट्टी भरून जागा गुळगुळीत केली असती तर हातभर अंतरावरून कोणाला कळलेही नसते, रंग मळकट राखाडी झाला आहे, तो चकचकीत रुपेरी हवा होता, आणि कॅबिनमधल्या आसनांवर घेतलेली मेहनत झाकण बसल्यावर वाया गेली. शिवाय मास्क आणि पाण्यावर घासणे याविषयीचा मजकूर आपल्याला अनावश्यक वाटला.

यातला एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला, धडापासून तीन बोटांच्या अंतरावर, मी लावलेल्या ठिगळाचे वरंबे मूळ वरंब्यांशी जुळत नाहीत आणि अर्ध्या सरीने सरकलेले आहेत. छायाचित्र घेताना तो भाग सावलीत होता, त्यामुळे लिहितानाही माझ्या लक्षात आले नाही. आपण दाखवल्यावर भिंगाखाली पाहिले आणि आपण म्हणता तसेच आहे.

पंखांच्या लांबीबाबत मात्र आपली गफलत झाली आहे असे मला वाटते. आपण धरलेले माप एफ 13 च्या सुरुवातीच्या विमानांचे आहे. या विमानाचे उत्पादन 1919 पासून पुढे बारा-तेरा वर्षे चालू राहिले, तीनशेहून अधिक विमाने तयार झाली, आणि त्या काळात इंजिने बदलली तसे पंखही वाढले. नंतरच्या विमानांचा पंखविस्तार 17.75 मीटर होता, म्हणजे आधीच्या विमानांपेक्षा जवळपास 3 मीटरने जास्त. 17.75 मीटरला 72 ने भागले तर साधारण 246 मिलिमीटर येतात, आणि माझी प्रतिकृती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 246 मिलिमीटरच आहे. हा संच उत्तरार्धातल्या विमानाचा आहे हे मी लेखात एका वाक्यात उरकले होते, ते ठळकपणे लिहायला हवे होते.

आता सळईविषयी. रेझिनचा पंख म्हणजे आतून पोकळ नसलेला, एकसंध ओतलेला भाग असतो. पोकळ प्लॅस्टिकच्या पंखापेक्षा तो जड असतो, आणि सांध्यावर सुपरग्लूचा किंवा इपॉक्सीचा पातळ थर एवढाच आधार असतो, कारण प्लॅस्टिक वितळवून एकजीव करणारा गोंद रेझिनला धरतच नाही. त्यात पॉलियुरेथेन रेझिनचा आणखी एक स्वभाव आहे. सतत भार राहिला की ते अगदी हळूहळू, वर्षभराने जाणवेल इतक्या संथपणे, वाकत जाते, आणि उबेत ही गती वाढते. ओतताना वाकडा झालेला भाग आपण गरम पाण्यात बुडवून सरळ करतो तो याच गुणामुळे, आणि सरळ केलेला भाग पुढे पुन्हा वाकतो तोही याच गुणामुळे. पूर्वी मी एका खालच्या पंखाच्या विमानाची रेझिन प्रतिकृती सळईशिवाय जोडली होती. दोन वर्षांनी तिच्या एका पंखाचे टोक दुसऱ्यापेक्षा 4 मिलिमीटर खाली आले, आणि ते विमान पाहताना आजही मला आधी तेवढेच दिसते.

दुपंखी (एकावर एक पंख असलेल्या) विमानात पंखांमधले खांब थोडा तरी भार वाटून घेतात. एफ 13 मध्ये तशी सोयच नाही, कारण तारा आणि खांब यांच्याशिवाय उभा राहणारा पंख हेच या विमानाचे वैशिष्ट्य होते. ओटो रॉयटर यांनी ह्यूगो युंकर्स यांच्या कारखान्यात त्याची रचना केली, 25 जून 1919 रोजी जर्मनीतील डेसाऊ येथे ते प्रथम उडाले, आणि लाकूड, कापड आणि ताणलेल्या तारा यांची विमाने सर्वत्र उडत असताना हे संपूर्ण धातूचे प्रवासी विमान केवळ आतल्या नळ्यांच्या तुळयांवर आपले पंख पेलत होते. या तुळयांचा मधला भाग प्रवाशांच्या पायांखालून, कॅबिनच्या तळाखालून जात असे. मी 1 मिलिमीटर जाडीची पितळी सळई नेमकी तिथूनच नेली आहे : धडाच्या तळातून आरपार, आणि दोन्ही बाजूंना पंखात 35 मिलिमीटर आत. पंख मुळाशी जाड असल्यामुळे हाताने फिरवायच्या ड्रिलने, पृष्ठभागाला कुठेही धक्का न लावता, एवढे खोल भोक पाडता आले. पंखांचा वरच्या दिशेचा कलही सळई वाकवून आधीच ठरवून घेतला, त्यामुळे गोंद सुकताना पंख हाताने धरून बसावे लागले नाही. ही भोके बाहेरून दिसत नाहीत, आणि दहा वर्षांनीही टोके एका पातळीत राहावीत एवढीच माझी अपेक्षा आहे.

आपला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पन्हळीचा आहे, आणि तिथेच आपल्यात खरा मतभेद आहे. पंखाला जोडलेला ओतकामाचा ठोकळा पुढच्या कडेवर होता. तो करवतीने कापून कानशीने सपाट करताना सुमारे 18 मिलिमीटर लांबीच्या पट्ट्यातले वरंबे गेले. साच्यात रेझिन कुठून तरी ओतावेच लागते, त्यामुळे यात संच बनवणाऱ्याला दोष देता येणार नाही. लेखात मी तसा सूर लावला होता, तो चुकीचा होता. गुळगुळीत विमान असते तर आपण सांगता तेच मी केले असते : पुट्टी भरायची, पॉलिश पेपरने घासायचे, रंगवायचे. पण या विमानावर गुळगुळीत जागाच जवळजवळ नाही. पंखावर सऱ्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे जातात, धडावर नाकाकडून शेपटीकडे जातात, म्हणजे दोन्हीकडे हवेच्या प्रवाहाच्या दिशेने. पातळ ड्युरॅल्युमिनचा (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) पत्रा सपाट ठेवला तर भाराखाली सुरकुततो. पन्हळी केल्यावर तोच पत्रा ताठ होतो आणि पंख पिळवटू न देण्याचे काम करतो, तर पंख वर वाकवणारा भार आतल्या तुळया घेतात. अशा विमानाच्या पुढच्या कडेवर बोटभर सपाट पट्टा ठेवला तर विमान जाणणाऱ्याला तो दुरुस्त केलेला पोचा वाटेल. हातभर अंतरावरूनही तो दिसतो, कारण बाजूने येणारा प्रकाश प्रत्येक वरंब्यावर एक बारीक रेघ उमटवतो आणि त्या रेघांची रांग जिथे तुटते तिथेच नजर अडकते.

तीन आठवडे लागले हे खरे, पण त्यातले दोन आठवडे चुकीच्या वाटेवर गेले. आधी मी ताणून बारीक केलेले प्लॅस्टिकचे धागे एकेक करून चिकटवले. ते रंगवल्यावर शेजारच्या वरंब्यांपेक्षा टोकदार दिसू लागले, म्हणून सगळे काढले. मग त्याच पंखाच्या शाबूत भागावर दोन भाग कालवून तयार होणारी सिलिकॉनची लुगदी दाबून ठसा घेतला, त्या ठशात इपॉक्सी पुट्टीचा अगदी पातळ थर दाबला, कडक झाल्यावर मागच्या बाजूने घासून तो कागदासारखा केला आणि कडा सरीच्या तळातून कापून ठिगळ बसवले. सांधा सरीच्या तळात पडला की तो नाहीसा होतो. धडाचे दोन अर्धे भाग जुळवताना हे आपोआप साधले, कारण तिथे सांधा वरंब्यांना समांतर जातो. पंखाच्या खालच्या बाजूला ठिगळ बसवताना मात्र मी घाई केली, आणि आपण दाखवलेली अर्ध्या सरीची चूक तिथलीच आहे.

याच कारणासाठी रंगाचे थरही मोजून द्यावे लागतात. 1/72 प्रमाणात मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे मूळ विमानावरचे 7.2 मिलिमीटर होतात. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि रंग मिळून 0.05 मिलिमीटर जाड झाले असे धरले, तरी ते मूळ पत्र्यावर साडेतीन मिलिमीटरहून जाड लेप दिल्यासारखे आहे, आणि ओला रंग वरंब्यांवरून ओघळून सऱ्यांतच साचतो. म्हणून प्रायमर भरपूर पातळ करून, एअरब्रशने, प्रत्येक वेळी पूर्ण सुकवून दिला. रेझिनवर साच्याचा तेलकट अंश राहिला तर असा पातळ थर सोलून निघतो, त्यामुळे सर्व भाग आधी कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने धुतले होते.

रंगाविषयी आपण जे छायाचित्र पुरावा म्हणून दिले आहे, ते पाहताच मला ओळखीचे वाटले. ते 1920 च्या दशकातल्या विमानाचे नाही. आपल्या काळात नव्याने बांधलेल्या आणि 2016 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये उडालेल्या विमानाचे ते छायाचित्र आहे; त्याला प्रॅट अँड व्हिटनीचे वर्तुळाकार इंजिन आहे, तर मूळ विमानात एका रांगेत सहा सिलिंडर असलेले, पाण्याने थंड होणारे इंजिन असे. नव्या विमानाचा नवा पत्रा चमकतो आणि फार सुंदर दिसतो, पण मला नोकरीत काही वर्षे काढलेले विमान दाखवायचे होते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शोधलेले ड्युरॅल्युमिन तांब्याच्या अंशामुळे मजबूत होते आणि त्याच तांब्यामुळे गंजायलाही लवकर लागते. त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला पत्रा 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात आला; तोवर धातूला मुख्यतः रंग किंवा वार्निश यांचे संरक्षण होते. ऊन, पाऊस आणि इंजिनाचे तेल सोसलेल्या अशा पृष्ठभागाला मंद, किंचित उबदार राखाडी छटा येते. शिवाय लहान प्रतिकृतीवर आरशासारखी चमक दिली की पन्हळीच्या सावल्या हरवतात. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून छटा ठरवतानाही जपावे लागते, कारण त्या काळी सर्रास वापरात असलेल्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ काळा दिसे आणि निळा फिकट दिसे. आपल्याला माझी राखाडी छटा एक पायरी गडद वाटत असेल, तर तेवढे मी मान्य करीन. चकचकीत रुपेरी मात्र मी करणार नाही.

कॅबिनविषयी थोडेच सांगतो. वैमानिक उघड्यावर, वारा झेलत बसलेले आणि त्यांच्या मागे चार प्रवासी खिडक्या असलेल्या बंद, उबदार खोलीत, ही या विमानातली मांडणी मला फार आवडते. झाकण बसल्यावर आसने खिडकीतून अर्धवटच दिसतात, तरी दिसतात.

मास्क आणि ओले घासणे याविषयीचा परिच्छेद मी लहान करणार नाही. रेझिनची कोरडी भुकटी अतिशय बारीक असते, हवेत तरंगत राहते आणि छातीत जाते. प्लॅस्टिक घासायची सवय असलेल्या माणसाला ती फारशी जाणवतही नाही. लेख वाचून एखादी व्यक्ती पहिल्यांदा रेझिन हातात घेणार असेल, तर तिने करवत उचलण्यापूर्वी तेवढा भाग वाचावा असेच मला वाटते.

डाव्या पंखाखालचे ठिगळ मी या आठवड्यात काढणार आहे. सिलिकॉनचा ठसा अजून शाबूत आहे. या वेळी ठिगळ दोन्ही टोकांना दोन-दोन वरंबे जास्त घेऊन कापीन, म्हणजे मूळ सऱ्यांवर ते बसवून पाहता येईल आणि मगच जादा भाग छाटता येईल. नवे छायाचित्र बाजूच्या प्रकाशात, खालून घेऊन मूळ लेखात घालीन, आणि पंखविस्ताराचा खुलासाही तिथेच जोडीन. वरंबे तरीही जुळलेले दिसले नाहीत, तर कृपया पुन्हा नि:संकोच लिहावे.