अंगझडती कोण घेणार? गावठी कट्ट्यांवरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही मला ताई म्हणालात, म्हणून मीही दादाच म्हणते.

नाशिकमधले गावठी कट्टे कमी करायचे तर पोलिसांच्या गुन्हे शोध पथकांत बायका हव्यात, असं मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "कट्टे येतात मध्य प्रदेशातून आणि तुम्ही बोलता महिला भरतीवर. दोन विषयांची खिचडी केलीत. माझा भाऊ पोलीस आहे. त्याच्या ठाण्यात बायका कम्प्युटरसमोर बसतात, रात्रीच्या नाक्याला पुरुषच उभे राहतात. भरतीत मुलं 1600 मीटर धावतात, मुली 800. आधी उमर्टीचे कारखाने बंद करा. आणि कट्ट्यासकट पकडलेला तीन वर्षांच्या आत बाहेर येतो, त्याचं काय?"

उमर्टीबद्दल तुमचं म्हणणं खरंच आहे. बडवानी जिल्ह्यातलं हे गाव आपल्या चोपडा तालुक्याला अगदी खेटून आहे. शस्त्रं घडवणं हा तिथल्या शिकलगरांचा पिढीजात धंदा. त्यातल्या काहींनी तो कट्ट्यांकडे वळवला. भट्टी मोडली तरी घडवणारा हात तिथंच राहतो, त्याला दुसरं काम मिळेपर्यंत भट्टी पुन्हा पेटते. धाडी व्हायलाच हव्यात, पण नुसत्या धाडींवर माझा भरवसा नाही. तिथून निघालेला माल चोपड्यावरून किंवा सेंधवा-शिरपूरवरून धुळ्याला येतो, मग मालेगाव, चांदवड आणि सरळ आडगाव नाका. डिसेंबर 2017 मध्ये चांदवडच्या टोलनाक्यावर पकडलेली जीप आठवत असेल तुम्हाला. रायफली, रिव्हॉल्व्हर आणि 4 हजारांवर काडतुसं, सगळा माल उत्तर प्रदेशातल्या बांद्याहून चोरलेला. ती जीप सापडली कशी? मालेगावजवळच्या पंपावर डिझेल भरून पैसे न देता ते पळाले आणि पंपावरून पोलिसांना खबर गेली.

पण जीपभर शस्त्रं रोज येत नाहीत. रोज येतो तो एकेक कट्टा. एसटीत पिशवीतून, मोटरसायकलवर, कुणाच्या तरी अंगावरून. आणि ते अंग बाईचंही असतं.

दहाएक वर्षांपूर्वीची एक केस सांगते. महामार्गावरचा नाका, रात्री नऊचा सुमार. मोटरसायकलवर नवरा-बायको, बाईच्या कडेवर वर्षा-सव्वा वर्षाचं पोर. खबर पक्की होती. नवऱ्याची झडती झाली, काही निघालं नाही. राहिली बाई. बाईची झडती बाईनेच, सभ्यता राखून घ्यायची, हे तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 51 मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 49 मध्ये आहे. पथकात सहा जण आणि सहाही पुरुष. ठाण्यातली एकुलती एक महिला शिपाई दुसऱ्या बंदोबस्ताला गेलेली. शेवटी रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजणाऱ्या एका मावशीला बोलावलं, हात धुवायला लावले आणि झडतीला उभं केलं. कायद्याला ते चालतं. कायदा बाई हवी एवढंच म्हणतो, ती पोलीसच हवी असं म्हणत नाही.

बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेला कट्टा निघाला. पंचनाम्यात लिहिलं, उजव्या कमरेला, साडीच्या आत. कोर्टात मावशी म्हणाल्या, "साहेब म्हणले हात घाल, मी घातला. काय लागलं हाताला ते मी पाह्यलंच नाही, मला भ्या वाटलं." पुढच्या प्रश्नाला म्हणाल्या, कमरेला नाही, पिशवीत होतं बहुतेक. केस तिथंच संपली. ती उलटतपासणी मी घेतली होती. आरोपीची वकील म्हणून ते माझं कामच होतं आणि तशी वेळ आली तर पुन्हा करीन. पण झडती घेणारी शिकलेली महिला शिपाई असती, काय, कुठून, कसं काढलं हे तिनं नीट सांगितलं असतं, तर मला बोट घालायला जागा नव्हती. तो कट्टा खरा होता, हे त्या कोर्टातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

म्हणून दादा, मला हे दोन विषय वाटत नाहीत.

तीन वर्षांचं तुम्ही म्हणता तो जुना कायदा. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तूल बाळगण्याला 2 ते 5 वर्षं आहेत आणि बनवणं-विकणं यासाठी 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. शिक्षा कागदावर भरपूर वाढली. केसेस पडतात त्या फितूर पंचांमुळे, ढिल्या पंचनाम्यामुळे, शस्त्राच्या तपासणीचा बॅलिस्टिक अहवाल वेळेत न आल्यामुळे, नाहीतर त्याच कायद्याच्या कलम 39 प्रमाणे लागणारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी न घेताच खटला भरल्यामुळे.

आता कम्प्युटरसमोर बसणाऱ्या बायका. बसतात, मीही रोज पाहते. बारनिशी म्हणजे आवक-जावक टपालाची नोंद, पासपोर्टची चौकशी, कोर्ट पैरवी म्हणजे खटल्यांचा पाठपुरावा. पण त्यांना तिथं कोण बसवतं? ड्यूटी त्या स्वतः लावून घेत नाहीत. रात्रभराच्या नाक्यावर बाईला लघवीला जायची सोय नसते, तेव्हा ड्यूटी लावणारा सरळ पुरुषांची नावं टाकतो. सोय करण्यापेक्षा ते सोपं पडतं. राज्यात 1994 पासून महिलांना 30 टक्के आरक्षण आहे. त्यातून मुली पोलिसांत आल्या, पण गुन्हे शोध पथकाच्या पंचनाम्यावर महिला अंमलदाराची सही मला क्वचितच दिसते.

800 मीटरचं म्हणाल तर नाक्यावर कट्टा धावून सापडत नाही. आपल्याच त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत बीड जिल्ह्यातल्या मीना तुपे सर्वोत्तम प्रशिक्षणार्थीला मिळणारी मानाची तलवार मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, तुकडीतल्या सगळ्या मुलांना मागे टाकून. आणि 2007 मध्ये यादवीतून नुकत्याच बाहेर आलेल्या, बंदुकांनी भरलेल्या लायबेरियात संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेली पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी भारताची होती. रात्रीची गस्तही त्या घालत.

अजून एक गोष्ट लेखात लिहायची राहिली होती. स्मॉल आर्म्स सर्व्हे या जिनिव्हातल्या संशोधन संस्थेचा 2017 चा अंदाज आहे की भारतात नागरिकांकडे सुमारे 7 कोटी 11 लाख बंदुका आहेत आणि त्यातल्या नोंदणी झालेल्या फक्त 97 लाख. बाकीच्या कुठं असतील? घरातच. माळ्यावर, पिठाच्या डब्यात, गादीखाली. घरात ती वस्तू आली हे सगळ्यात आधी आईला नाहीतर बायकोला कळतं, आणि भांडणात ती पहिल्यांदा रोखली जाते तीही बहुतेक तिच्यावरच.

एक आई माझ्याकडे आली होती. पोराच्या जुन्या शाळेच्या दप्तरात तिला पिस्तूल सापडलं होतं. दोनदा ती ठाण्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. आत टेबलाभोवती बसलेल्या चार पुरुषांसमोर "माझ्या पोराकडे पिस्तूल आहे" हे तोंडातून निघेना. शेवटी मी तिला ओळखीच्या एका महिला हवालदाराकडे पोलीस लाइनीत नेलं. तिनं आधी चहा टाकला. तासाभरानं आई बोलली, पिस्तूल कुठून आलं ते नावानिशी सांगितलं. एकोणीस वर्षांच्या पोरावर गुन्हा दाखल झाला, तो आत गेला, नंतर जामिनावर सुटला. आई अजूनही माझ्याशी नीट बोलत नाही. पण देणाऱ्यालाही पोलिसांनी उचललं.

आता 2027 चा सिंहस्थ येतोय. नाशिक-त्र्यंबकच्या प्रत्येक नाक्यावरून लाखो माणसं जातील, त्यात निम्म्या बायका. तुमच्या भावाला माझ्या वतीने एकच विचारा: रात्री नाक्यावर बाईची झडती घ्यायची वेळ येते तेव्हा तो कुणाला बोलावतो? त्याचं उत्तर काहीही असो, मला इथं कळवा.