के-बार सुऱ्याचे श्रेय नेमके कोणाचे?

अमेरिकी मरीन सैनिकांच्या सुऱ्याविषयी एक मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. त्याचा आशय असा : पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर ‘के-बार’ कंपनीने हा सुरा स्वतःच्या कल्पनेतून घडवला, अस्वल मारल्याच्या प्रसंगावरून त्याला नाव दिले, दुसऱ्या महायुद्धातले सगळे सुरे तिनेच पुरवले, पात्यावरची पन्हळ, म्हणजे लांबीच्या दिशेने कोरलेली खाच, शत्रूचे रक्त वाहून जावे म्हणून ठेवली आणि तेव्हापासून आजपर्यंत ती तोच सुरा अखंड बनवत आली आहे. यातले जवळजवळ प्रत्येक विधान एकतर चुकीचे आहे किंवा अर्धवट खरे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे 1942 साली ‘के-बार’ नावाची कंपनीच नव्हती. पेनसिल्व्हेनियातील टिडिऊट या गावी 1898 मध्ये सुरू झालेल्या युनियन रेझर कंपनीने 1909 मध्ये युनियन कटलरी हे नाव घेतले आणि पुढे काही वर्षांतच आपला कारभार न्यूयॉर्क राज्यातील ओलीन येथे हलवला. ‘के-बार’ ही या कंपनीची 1923 पासूनची व्यापारी मुद्रा होती. कंपनीनेच ती मुद्रा नाव म्हणून स्वीकारली ती 1952 मध्ये, म्हणजे युद्ध संपून सात वर्षे झाल्यावर. अस्वलाची कथा या मुद्रेच्या जन्माशी जोडलेली आहे. बंदूक अडकल्यावर सुऱ्याने अस्वल मारणाऱ्या एका शिकाऱ्याने कंपनीला आभाराचे ओबडधोबड पत्र लिहिले आणि त्यातल्या अक्षरांवरून मुद्रा सुचली, असे कंपनी सांगत आली आहे. ती कथा जशीच्या तशी खरी मानली, तरी तिचा मरीन सैनिकांशी काडीचाही संबंध नाही, कारण मुद्रा प्रचारात आली तेव्हा मरीन कोरचा, म्हणजे मरीन सैनिकांच्या दलाचा, हा सुरा जन्माला येण्यास आणखी एकोणीस वर्षे होती.

आता मुख्य मुद्दा, सुरा कोणी घडवला हा. युद्धाच्या आरंभी मरीन रेडर या छापामार तुकड्यांना ब्रिटिश फेअरबेर्न-साइक्स सुऱ्याच्या धर्तीवरचा एक निमुळता खंजीर दिला गेला होता. भोसकण्यापुरता तो ठीक होता. परंतु सैनिकाच्या हातातला सुरा दिवसभर खोकी उघडतो, दोर कापतो, डबे फोडतो, आणि या कामांत त्या खंजिराचे बारीक टोक टिकत नसे. त्याची जस्तमिश्रित धातूची ओतीव मूठही कमकुवत ठरली. म्हणून लढाई आणि रोजची कामे या दोन्हींना पुरेल असा नवा सुरा ठरवण्याचे काम मरीन कोरच्या पुरवठा विभागातील कर्नल जॉन एम. डेव्हिस आणि मेजर हॉवर्ड ई. अमेरिका यांच्याकडे आले, आणि त्यात कॅमिलस कटलरी कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्यांना साथ दिली. 23 नोव्हेंबर 1942 रोजी हा नमुना स्वीकारला गेला. सात इंचांचे कार्बन पोलादाचे पाते आणि दाबून बसवलेल्या चामड्याच्या चकत्यांची मूठ, असे त्याचे रूप होते. चकत्यांची मूठ आणि पात्यावरची पन्हळ या दोन्ही गोष्टी मार्बल्स कंपनीच्या शिकारी सुऱ्यांत आधीपासूनच होत्या. युनियन कटलरीनेही मरीन कोरला आपला सुरा सादर केला होता, असे कंपनीच्या बाजूने सांगितले जाते. ते मान्य केले तरी, सरकारी अधिकाऱ्यांनी तपशील ठरवून अनेक कारखान्यांना बनवायला दिलेल्या वस्तूचे जनकत्व एकट्या कंपनीला बहाल करता येत नाही.

पुरवठ्याबाबतचा दावा तर सरळच खोटा ठरतो. सुऱ्यांची पहिली खेप 27 जानेवारी 1943 रोजी पोहोचली ती कॅमिलसकडून. कॅमिलस आणि युनियनखेरीज रोबसन आणि पाल या कंपन्यांनीही हा सुरा बनवला, आणि नौदलाने तोच ‘मार्क 2’ या नावाने स्वीकारला. मग एकट्या के-बारचे नाव का रुजले? माझ्या मते याचे कारण ठशात आहे. युनियनने सुरुवातीच्या सुऱ्यांवर मुठीलगतच्या पात्यावर कंपनीचे नाव न छापता आपली ठसठशीत मुद्रा उमटवली. दोन अक्षरगटांची ती मुद्रा सैनिकांच्या तोंडी सहज बसली आणि कोणत्याही कारखान्याचा सुरा असला तरी त्याला तेच नाव पडले. हे यश जाहिरातकलेच्या अभ्यासकांनी अवश्य नोंदवावे. ते कारागिरीच्या खात्यात जमा होत नाही.

रक्ताच्या पन्हळीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पन्हळीमुळे ताठपणा फारसा न गमावता पात्याचे वजन घटते, एवढाच तिचा हेतू असतो, आणि आपल्याकडच्या जुन्या फिरंगी तलवारींवरही ती त्याच कारणासाठी दिसते.

अखंड उत्पादनाचा दावाही टिकत नाही. युद्धानंतर लष्करासाठी हा सुरा कॅमिलस, ऑन्टारिओ, कोनेट्टा, युटिका अशा कंपन्या बनवत राहिल्या. के-बारची मालकी 1966 मध्ये कोल नॅशनलकडे आणि 1996 मध्ये ओलीनच्याच अल्कासकडे गेली. मरीन सुरा या मुद्रेखाली बाजारात परतला तो 1970च्या दशकात, आणि तोही प्रथम स्मरणार्थ आवृत्ती म्हणून. पहिली खेप पुरवणारी कॅमिलस मात्र 2007 मध्ये दिवाळखोरीत निघून बंद पडली. आज तिचे नाव दुसऱ्या कंपनीच्या मालावर छापले जाते. त्यामुळे युद्धकाळातला सुरा हाती आल्यास तो के-बार आहे असे गृहीत न धरता मुठीलगतच्या पात्यावरचा आणि मूठ व पाते यांमधल्या आडव्या पट्टीवरचा ठसा आधी वाचावा. तिथे बऱ्याचदा कॅमिलसचेच नाव सापडते.