कलिंगडाला दोन वेळा पाणी? काळ्या मातीत तरी नको

उन्हाळा तोंडावर आला की परसबागेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. कलिंगडात ९२ टक्के पाणी असतं, म्हणून वेलाला सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी द्या. खड्ड्यात ताजं शेण भरा. माती जड असेल तर घमेलंभर वाळू मिसळा. फळाचं बूड काळं पडलं तर चुना घाला, आणि गोडीसाठी मुळाशी गुळाचं पाणी सोडा. यातला ९२ चा आकडा खरा. बाकीचं सोलापूरच्या काळ्या मातीत करून बघायच्या आधी हे वाचा.

फळात पाणी जास्त, म्हणून मुळाशीही जास्त हवं, हा हिशेबच उलटा. कलिंगड-खरबूज पूर्वापार नदीच्या वाळूत होत आलेत. वर कोरडं, खाली ओल, आणि त्या ओलीमागे मूळ खोल जातं. आपली काळी माती चिकण. एकदा भिजली की पाणी धरून बसते. त्यात रोज दोनदा पाणी ओतलं तर मुळांना हवा मिळत नाही, मूळकूज होते, वेल सुकवणाऱ्या मर रोगाला आयतं निमंत्रण. शिवाय सोलापुरात नळाला रोज पाणी येतं कुठं!

पाणी कधी द्यायचं ते मातीला विचारा. सकाळी बुंध्यापासून वीतभर लांब चार इंच उकरा आणि माती मुठीत दाबा. गोळा होऊन हाताला चिकटला तर थांबा. गोळा होतो पण बोटानं टोचल्यावर फुटतो, म्हणजे वाफसा आहे, ओल आणि हवा दोन्ही बेताची, आजही गरज नाही. गोळाच होत नसेल तर पाणी द्या, आणि ते सावकाश, खोलवर मुरेल असं. दुपारी दोनला ४२ अंशांत पानं माना टाकतात, त्यावर जाऊ नका. संध्याकाळी ती सावरली तर वेल ठीक आहे.

माती तडकेपर्यंत मात्र थांबू नका. भेगाळलेल्या आळ्यात बादली रिकामी केली तर पाणी भेगेतून गटगट खाली जातं आणि दोन बोटं बाजूची माती तशीच कोरडी. उसाचं पाचट किंवा ज्वारीचा भुसा चार बोटं जाड पसरा, भेगाही कमी आणि पाणीही कमी. ग्रो बॅगमध्ये वेल असेल तर गोष्ट वेगळी. तिथं एप्रिल-मेमध्ये रोज पाणी लागतंच, मेसेज तेवढ्यापुरता बरोबर.

फळ पिकायला आलं की उलट हात आखडता घ्या. शेवटच्या आठवड्यात भरपूर पाणी दिलं तर गोडी उतरते, आणि ताण पडल्यावर एकदम दिलं तर फळ तडकतं.

ताज्या शेणात हुमणी (मुळं कुरतडणारी अळी) आणि तणाचं बी येतं, शिवाय ते कुजताना उष्णता सुटते. चांगलं कुजलेलं, मातीसारखा वास येणारं शेणखतच घाला. घमेलंभर वाळूनं काळी माती हलकी होत नाही. चिकणमाती वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या भरून टाकते. फरक पडायला जवळजवळ निम्मी वाळू लागेल, ती परवडणार कुणाला? त्यापेक्षा शेणखत मिसळून फूटभर उंच गादीवाफा करा, जादा पाणी आपोआप निघून जाईल.

चुन्याचं तर कोडंच आहे. इथल्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर, सामू (पीएच) बहुधा आठच्या आसपास. आणखी चुना घातला तर लोह-जस्त अडकतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात. बूड काळं पडतं ते कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्यानं, आणि त्यामागे बहुतेकदा पाण्याची धरसोड असते. पाणी नियमित करा, चुना भिंतीला ठेवा.

राहिला गूळ. साखर पानं बनवतात, मुळं ती जमिनीतून ओढून फळात भरत नाहीत. गोडी हवी तर पानं निरोगी ठेवा, पाणी पानांवर न मारता मुळाशी द्या. केवडा (डाउनी मिल्ड्यू) सारखे बुरशीजन्य रोग ओल्या पानांवर लवकर पसरतात. जीवामृतात (शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणात) गूळ असतो हे खरं, पण तो जिवाणूंचं खाद्य म्हणून. नुसतं गुळाचं पाणी ओतलंत तर मुंगळे मात्र नक्की येतील.