स्कॅनर नसला तरी दुकान चालतं

‘आता सगळी यंत्रं संगणकावर चालतात, स्कॅनर नसेल तर शेतीयंत्र दुरुस्तीचं दुकान टाकू नका,’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा. स्कॅनर म्हणजे इंजिनाच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. कॉमन रेल इंजिनाचा (यात सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं आणि फवारा संगणक ठरवतो) बिघाड शोधायला स्कॅनर बहुतेकदा लागतोच. (जुन्या इंजिनासारखं नळीचा नट सैल करून बिघाड शोधता येत नाही: या इंजिनाच्या डिझेल नळ्यांत दाब १००० बारहून जास्त जाऊ शकतो, चालू इंजिनावर नट सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ.)

पण रोजची कामं निराळी: डिझेल लाइनीत शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर, गंजलेले बॅटरी टर्मिनल, फुटलेला हायड्रॉलिक पाइप, रोटाव्हेटरचं गेलेलं बेअरिंग. त्यांना पाने, बेअरिंग ओढून काढायचा पुलर, मल्टिमीटर आणि वेल्डिंग मशीन पुरतं. माझ्या मते स्कॅनरचे पैसे आधी बेअरिंग, ऑइल सील, बेल्ट यांच्या साठ्यात घालावेत. ऐन पेरणीत सुट्या भागासाठी शेतकरी दोन दिवस थांबत नाही.