आधी मराठीत समजलं, मग इंग्रजीत लिहिलं
एका लेखात म्हटलंय, मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीतूनच विचार करायची सवय लावावी. मला हे पटत नाही. मी मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात अर्थशास्त्रात एमए करतेय. पहिल्या सत्रात 'इलॅस्टिसिटी' डोक्यावरून जायची. मग बारावीतली 'मागणीची लवचिकता' आठवली, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते; भाव चढला तरी आई मीठ तेवढंच आणते हे डोळ्यासमोर आलं, आणि उत्तर इंग्रजीत लिहिता आलं. अडतं ते इंग्रजी नामाआधीच्या 'ए' आणि 'द'पाशी, कारण मराठीत ती भानगडच नाही. म्हणून मैत्रीण आणि मी कुर्ला ते ठाणे लोकलमध्ये उभ्याउभ्याच एकमेकींच्या वह्या तपासतो, लाल पेनाने. वर्गात बोलताना मात्र अजून घसा कोरडा पडतो. एकदा सर म्हणाले, "मराठीत विचारा." त्या दिवशी मागच्या बाकांवरून चौघांचे हात वर गेले.