बायोप्सी झालीये, रिपोर्ट यायचाय, आणि वरून हा फॉरवर्ड

आमच्या सोसायटीच्या भिशीच्या ग्रुपवर मध्यंतरी एक मेसेज आला, तुमच्याकडेही आला असणार, कारण माझ्याकडे तो मावशीकडून आला, ऑफिसच्या ग्रुपवर आला आणि फिरून परत भिशीच्या ग्रुपवर आला. वर लाल त्रिकोण, खाली "प्रत्येक स्त्रीपर्यंत पोचवा". मजकूर थोडक्यात असा. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा संशय असेल तर बायोप्सी करू नका, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. केलीच असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, एकेक दिवस महत्त्वाचा, सरळ पिशवी काढून टाका. तोपर्यंत साखर बंद, रोज सकाळी हळद-लिंबू. एचपीव्ही पॉझिटिव्ह आला तर नवऱ्याला जाब विचारा. मन पॉझिटिव्ह ठेवा म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह येईल. आणि रिपोर्टवर ३ आकडा दिसला तर समजा तिसरी स्टेज.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी टाकला होता, खाली हात जोडलेले, अगदी मनापासून. माझ्या बायोप्सीला तेव्हा चार दिवस झाले होते आणि ते त्या ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं, घरात नवऱ्याला आणि पुण्याच्या बहिणीला, बस. तेव्हा काही लिहिलं नाही, हातच थरथरत होते. आता लिहिते. मी डॉक्टर नाही, ठाण्याहून रोज महापेला जाऊन एका कंपनीचे हिशोब बघते, पण त्या अकरा दिवसांत मी डॉक्टरला, सिस्टरला आणि लॅबच्या माणसाला इतके प्रश्न विचारलेत की लॅबवाला माझा आवाज ओळखायला लागला होता.

"सुरी लागली की पसरतो."

मुळात सुरी नसतेच. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी पुसून घेऊन करतात ती तपासणी, गडबड आली म्हणून कोल्पोस्कोपी सांगितली, म्हणजे दुर्बिणीसारखं यंत्र बाहेरच ठेवून आत बघतात. आधी पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावलं, वास थेट किचनमधल्या व्हिनेगरचा, आणि समोरच्या स्क्रीनवर गुलाबी भागात एका बाजूला पांढरा डाग उमटला. मग आयोडीन. चांगला भाग चॉकलेटी झाला, तो डाग पिवळटच राहिला. तिथून चिमट्याने दोन तुकडे घेतले, तांदळाच्या दाण्याएवढे. कळ आली, पाळीत येते तशी, आणि मी शेजारच्या सिस्टरचा हात इतका दाबला की नंतर सॉरी म्हणावं लागलं.

एवढ्याशा तुकड्याने हा कॅन्सर पसरत नाही. समज कुठून आला ते कळतं. आपल्याकडे बायका पूर्वी डॉक्टरकडे जायच्याच तेव्हा, जेव्हा दुखणं हाताबाहेर गेलेलं असायचं, मग तपासणी व्हायची आणि दोन-चार महिन्यांत बाई जायची, आणि घरच्यांच्या डोक्यात राहायचं की बरी होती हो, तुकडा काढला आणि गेली. आजार आधीचा, नाव चिमट्याचं. बरं, तुकडा न तपासता डॉक्टरने उपचार करायचे कशावर? अंदाजावर?

आणि त्या व्हिनेगरला हसू नका. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाख बायकांचा अभ्यास केला, निम्म्या बायकांची तपासणी ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली, फक्त व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्याने बघायचं. त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, २०१३ मध्ये जाहीर झालं ते. तपासल्याने बायका वाचल्या, पसरला कुठे?

एक गोष्ट मात्र मला कोणीही सांगितली नव्हती आणि तो राग अजून आहे. तुकडा घेतल्यावर रक्त थांबावं म्हणून एक तपकिरी लेप लावतात, मॉन्सेलचं द्रावण म्हणतात. नंतर दोन-तीन दिवस कॉफीच्या चोथ्यासारखं काळं काळं जातं. मी रात्री दोन वाजता बाथरूममध्ये ते बघितलं आणि ठरवूनच टाकलं की संपलं सगळं. सकाळी फोन केला तर म्हणे "हो मॅडम, ते नॉर्मल आहे". अरे मग कागदावर एक ओळ लिहून द्यायला काय जातं? भळाभळा लाल रक्त, ताप, घाण वास, यातलं काही झालं तर मात्र ताबडतोब फोन करायचा. काळा चोथा, नाही.

"एकेक दिवस महत्त्वाचा, वाट बघू नका, पिशवी काढा."

या एका वाक्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं असतं, म्हणून जरा सविस्तर.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, त्यातही १६ आणि १८ नंबरचे प्रकार मिळून साधारण ७० टक्के. हे शोधून काढणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात राहतो त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्ही असेल, तर ५ ते १०. न्यूझीलंडमध्ये एका डॉक्टरने चुकीच्या हट्टापायी कॅन्सरच्या आधीची सगळ्यात वरची पायरी असलेल्या बायकांना उपचारच दिले नाहीत, त्यात ३० वर्षांत शंभरातल्या तीसेक जणींना कॅन्सर झाला. भयंकर प्रकार, पण आकडा नीट वाचा, ३० वर्षांत. तुमचे माझे दहा-अकरा दिवस यात कुठे बसतात? दहा महिने टाळाटाळ केली तर मात्र बसतात, आणि रिपोर्ट आणायलाच न जाणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

मग एवढे दिवस लागतात कशाला, हेही मी विचारलं. तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरतो. मग त्यातलं पाणी काढून मेण भरतात, त्याचा ठोकळा बनतो, आणि त्या ठोकळ्याचे मायक्रोटोमवर काप काढतात, मिलिमीटरचे काही हजारावे भाग जाडीचे, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. काचेवर घेऊन जांभळा-गुलाबी रंग देतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट बघतात. शंका वाटली तर वेगळा रंग देऊन परत. माझ्यात ते परत झालं, म्हणून अकरा दिवस. मला आधी वाटलं होतं की उशीर होतोय म्हणजे वाईटच आहे, म्हणून लपवतायत. लॅबवाला म्हणाला, "ताई, रविवार पण आला ना मध्ये."

हे कळल्यावर माझ्या डोक्यातला एक खिळा निघाला. माझा तुकडा मेणात बंद होता. मी काय खाते, किती रडते, काय वाचते, त्याच्याशी त्याचं देणंघेणं संपलेलं. हा फॉरवर्ड गोड का लागतो माहितीये? तो काम देतो. हे खा, ते सोडा, याला विचारा, ते काढा. वाट बघणाऱ्या माणसाला काम हवंच असतं. मी त्या दिवसांत डब्यांचं अख्खं कपाट रिकामं करून घासलं, संध्याकाळी तलावपाळीला तीन-तीन चकरा मारल्या, आणि एकच उपयोगाचं काम केलं, ते म्हणजे लॅबला विचारून ठेवलं की रिपोर्ट कुठल्या वारी येईल, कोणाच्या फोनवर येईल आणि आल्यावर डॉक्टर किती दिवसांत भेटतील. रोज सकाळी फोन बघून पोटात गोळा येणं त्याने थोडं कमी झालं. थोडंच.

आता पिशवी. मला जे निघालं त्यासाठी लीप पुरलं, करंट असलेल्या तारेच्या लूपने तेवढाच खराब भाग काढतात, त्याच दिवशी घरी. आणि समजा कॅन्सर असताच, तर घाईत साधी पिशवी काढणं आणखी चुकीचं, कारण कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं, आजूबाजूचा भाग आणि तिथल्या लिम्फच्या गाठी बघाव्या लागतात, आणि आजार पुढे गेलेला असेल तर ऑपरेशन नसतंच, रेडिएशन आणि केमो असतं. आधी पिशवी काढून नंतर कळलं की आत कॅन्सर होता, तर पुढचा सगळा हिशोब बिघडतो. घाबरवून पिशव्या कशा काढल्या जातात ते बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्यांमध्ये २०१९ ला सगळ्यांनी वाचलंय की. शंका असेल तर तोच ठोकळा आणि त्याच स्लाइड मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, नवी मुंबईकरांना तर टाटाचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र खारघरलाच आहे.

"साखर बंद, हळद-लिंबू चालू."

हळद भाजीत घाला. पुढे.

"एचपीव्ही आला तर नवऱ्याला जाब विचारा."

हा मुद्दा लिहिणाऱ्याने किती घरं फोडली असतील देव जाणे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्या माणसांना, बाई असो की पुरुष, आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू गाठतो. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे आज टेस्टमध्ये दिसला म्हणजे गेल्या महिन्यात आला असं नाही, वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो, आणि कोणाकडून कोणाला आला हे सांगणारी टेस्टच नाही.

माझ्या नवऱ्याने तो मेसेज माझ्या खांद्यावरून वाचला. वाचून गप्प. पोळी तव्यावर करपली तरी तिथेच उभा. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे झालं का तुला?" बावीस वर्षांच्या संसारात या माणसाचा चेहरा मी असा पडलेला पाहिला नव्हता, सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. मला आधीच एक भीती सांभाळायची होती, त्यात त्याची समजूत काढत बसले, रात्री साडेअकरापर्यंत. ही त्या फॉरवर्डची सेवा. जाब विचारायचाच तर हा विचारा की मुलीला एचपीव्हीची लस कधी द्यायची. २०२३ पासून पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक पण मिळते. आमच्या लेकीचा पहिला डोस झाला.

"मन पॉझिटिव्ह ठेवा, रिपोर्ट निगेटिव्ह येईल."

मेणाच्या ठोकळ्याला माझं मन कळत नाही. आठव्या दिवशी मी भांडी आदळली, लेकीवर विनाकारण ओरडले, ट्रेनमध्ये सीटवरून एका बाईशी भांडले. रिपोर्टमधली एक पेशी इकडची तिकडे झाली नाही. या वाक्याचा खरा त्रास पुढे असतो, रिपोर्ट वाईट आला की बाईला वाटतं मीच कमी पडले, मीच वाईट विचार केले. कॅन्सरचा संशय असलेल्या बाईने हसतमुख पण राहायचं? रडा हो खुशाल.

"३ आकडा म्हणजे तिसरी स्टेज."

हा मुद्दा खोटा आहे हे मला पाच मिनिटं उशिरा कळलं. रिपोर्ट पीडीएफ म्हणून आला, सकाळी, रबाळे सोडल्यावर. गाडीत उभ्यानेच उघडला. "सीआयएन ३". मला त्या लाल त्रिकोणाखालची ओळ आठवली आणि कोपरखैरणेला उतरायचं ते मी घणसोलीलाच उतरले. सिस्टरला फोन लावला, तोंडातून शब्द फुटेना, नुसतं "तीन, तीन" म्हणत होते. ती म्हणाली, "मॅडम, ती स्टेज नाही. अजून कॅन्सर झालेलाच नाही, त्याच्या आधीची पायरी आहे. खाली स्क्रोल करा."

अस्तराच्या जाडीपैकी किती भागात बिघडलेल्या पेशी आहेत त्याचा तो आकडा असतो. खालचा एक तृतीयांश म्हणजे १, दोन तृतीयांशापर्यंत २, त्याच्या वर ३. पेशी अस्तराखालची भिंत ओलांडून आत घुसल्या तरच कॅन्सर, आणि स्टेज त्यानंतर मोजतात. माझ्या रिपोर्टमध्ये खाली लिहिलं होतं की तसं काही दिसत नाही. मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते.

"गुरुवारी साडेचारला या, डॉक्टर समजावतील," सिस्टर म्हणाली, "आणि जेवून या, उपाशी नको."

पुढच्या दोन गाड्या मी जाऊ दिल्या. घणसोलीच्या बाकावर बसून डबा उघडला आणि पोळी-भाजी पावणेदहालाच खाऊन टाकली.