शुगर किती आली?

आमच्या पारावर आता कापसाच्या भावाचंही कोणी बोलत नाही. "शुगर किती आली तुही?" इथूनच सुरुवात. काहून बाप्पा, बाकीचे विषय मेले काय? चहा पुढे केला की "बिनसाखरेचा हाय ना?" म्हणत पाहुणा कपाकडे असा पाहतो, जसं मी फवारायचं एंड्रिनच घोळून आणलं.

त्यात हद्दीही सरकत राहतात. उपाशीपोटी साखर ११० च्या आत असली की चालायचं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ते १०० वर आणलं. २०१७ मध्ये तिथल्याच हृदयरोगतज्ज्ञांनी रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० केली. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी पेशंट! स्वातंत्र्याच्या वेळी देशातलं सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. अन् धास्ती मात्र आत्ताच जास्त.

बरं, धास्तीही भलत्याचीच. पोळीला भिणारा आमचा शेजारी कपाशीवर उघड्या तोंडानं फवारतो. २०१७ लाच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर मेले, तरी याच्यानं साधा मास्क लावणं होत नाही. म्हणे, गरम होते!

आणि सिकलसेल? आई-बापाकडून लेकरात उतरणारा रक्ताचा आजार, आपल्या भागातला खरा आजार. पण लग्न जुळवताना पत्रिका, शेती, नोकरी सगळं विचारतील; पोरापोरीची सिकलसेलची तपासणी करून घ्या म्हटलं की दोन्हीकडच्यांची तोंडं वाकडी.